रिकाम्या वर्गातला तंबोरा

शनिवारी आमच्या दिघ्यातली शाळा सकाळची असते. साडेअकराला घंटा झाली की मुलं दप्तरं पाठीला लावून सुसाट पळतात. तीस-पस्तीस जण मात्र मागे रेंगाळतात. मग वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, कपाटातून पेटी आणि तबला-डग्गा काढायचा, चित्रकलेच्या मुलांना उजेडासाठी खिडकीकडे बसवायचं… गेली सहा वर्षं हाच आमचा शनिवार. मी स्वतः गाणारी नव्हे. कला शाखेची पदवी घेतलेली, घर सांभाळून वस्तीत जमेल तेवढं काम करणारी बाई. गाणं शिकवायला ठाण्याहून एक बाई येतात, चित्रकलेसाठी शाळेतलेच एक सर थांबतात. माझ्याकडे हजेरी, जमाखर्च आणि एखादं मूल दोन शनिवार आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणं.

दिघा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नवी मुंबईचं हे ठाण्याकडचं टोक. ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीच्या कंपन्या आणि डोंगराच्या पायथ्याशी दाटीवाटीनं वसलेले इलठाणपाडा, गणपतीपाडा असे पाडे. इथल्या बहुतेक आया सकाळी डबा घेऊन कुठल्या तरी कंपनीत पॅकिंगला जातात नाहीतर ऐरोलीला घरकामाला. त्यांच्या मुलांसाठी गाण्याचा क्लास म्हणजे टीव्हीवर दिसणारी गोष्ट. म्हणून तर आम्ही शाळेतच वर्ग सुरू केला, फी अगदी नावापुरती ठेवून.

या जून महिन्यात शाळेकडून विचारणा झाली, की दहावीच्या मुलांचे जादा तास घ्यायचे आहेत, शनिवारी हॉल लागेल, तुमचा वर्ग बंद ठेवता येईल का? आणि मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मी लगेच मान डोलावली. दहावी म्हणजे दहावी! गाणं काय, नंतरही होईल. घरी येऊन भाजी निवडायला बसले तरी मला त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात हॉलमधलं सामान आवरताना चौथीतल्या एका चिमुरडीनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, की हे आजोबा कोणाचे? परीक्षेला जायच्या आधी मुलं या फोटोला नमस्कार करतात. मी म्हटलं, गाण्यातले मोठे गुरुजी. पुढचा प्रश्न आला, त्यांनी काय केलं? आणि मी अडकले. फोटोखाली पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर एवढंच लिहिलेलं. त्याहून जास्त मलाही ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ज्यांच्या फोटोला हार घातला त्यांची मला काडीचीही माहिती नसावी, याची लाज वाटली. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, गाण्याच्या बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हाती आलं ते आज तुम्हाला सांगते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तेव्हा पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे टाळ, पेटी, अभंग, आख्यान हे घरातच. मुलगा शाळेत जात होता. चारचौघांच्या मुलांसारखा शिकला असता, कुठे तरी नोकरीला लागला असता.

पण दत्तजयंतीच्या उत्सवात घात झाला. जवळच्याच नरसोबाच्या वाडीला हा उत्सव मोठा. शोभेची दारू उडत होती, फटाका या मुलाच्या चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला नेलं. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. पुस्तक वाचणं अवघड, म्हणजे शाळा संपली. त्या काळात अशा मुलाचं काय व्हायचं, ते सांगायला नको. घरच्यांच्या ताटातला एक घास, आणि आयुष्यभर कोणाच्या तरी खांद्यावर हात.

मिरजेत उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळे गेले तरी पोराचा गळा चांगला आहे. त्यांनी त्याला गाणं शिकवायचं सुचवलं. मिरजेत तेव्हा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हे बुवा. त्यांनी स्वतः गाणं मिळवण्यासाठी पायपीट करत उत्तरेकडे जाऊन किती हाल सोसले, ते वेगळंच पुराण आहे! असा गुरू भेटला आणि विष्णूचं आयुष्य वळलं.

हे वाचताना मी थांबले. गाणं या मुलाला मिळालं ते जादा म्हणून नव्हतं. बाकीचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर उघडलेला तो एकच दरवाजा होता. आपण मात्र शाळेच्या पत्रकात लिहितो, अभ्यासेतर उपक्रम. अभ्यासाच्या बाहेरचं. वेळ उरला तर करायचं.

मिरजेत गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून, पहाटेपासून रियाज करत विष्णु दिगंबर तयार झाले. संस्थानिकांची त्यांच्यावर मर्जी होती. आणि इथेच ती गोष्ट घडली म्हणतात. गावात एका प्रतिष्ठित समारंभाचं बोलावणं विष्णु दिगंबरांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. त्यांनी कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की त्यांना कशाला बोलवायचं, ते तर गवई! हे त्यांच्या मनाला फार लागलं. ज्या माणसाच्या गाण्यावर दरबार डोलतो त्याला पंगतीत पाट नाही? तेव्हाच त्यांनी ठरवलं, की आपण नुसतं गायचं नाही, गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात त्यांनी एक धाडस केलं. तोवर चांगलं गाणं ऐकायचं तर राजाच्या वाड्यात नाहीतर देवळात. सौराष्ट्रात त्यांनी लोकांसाठी जाहीर मैफल केली, तिकीट लावून. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. पण तिकीट काढून येणाऱ्या साध्या कारकुनाला त्या दिवशी राजाच्या शेजारी बसल्याचा मान मिळाला, आणि गवयालाही कोणासमोर हात न पसरता चार पैसे मिळाले. मथुरेला राहून त्यांनी ब्रजभाषा शिकून घेतली, कारण बंदिशी त्या भाषेतल्या. गायचं ते समजून गायचं, हा त्यामागचा आग्रह.

मग आलं लाहोर. ५ मे १९०१ या दिवशी त्यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. विचार करा, कुरुंदवाडचा, अंधुक नजरेचा, एकोणतीस वर्षांचाही न झालेला मराठी माणूस, आणि गाव लाहोर! ना नातलग, ना भाषा आपली. राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या मैफलींचं उत्पन्न यावर चालणारी संगीताची अशी शाळा देशात नवीनच होती.

सुरुवातीची एक आठवण सांगतात. शाळा उघडली, वेळापत्रक लागलं, पण विद्यार्थीच आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कितीतरी दिवस. तरी पंडितजी रोज ठरल्या वेळी वर्गात येत, तंबोरा लावत, एकटेच गात बसत, आणि वेळ संपली की उठत. शाळेची वेळ म्हणजे शाळेची वेळ. समोर कोणी असो वा नसो.

मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस मुलं स्वतःहून थांबत होती, आणि मी एका विचारण्यासरशी तो वर्ग सोडून द्यायला निघाले होते!

हळूहळू लाहोरची शाळा भरली. पंडितजींनी काय केलं, तर गाण्याला शाळेची शिस्त लावली. तोवर गुरूच्या मर्जीवर विद्या मिळायची. कोणाला दहा वर्षं नुसती सेवा करून दोन बंदिशी, तर कोणाला काहीच नाही. पंडितजींनी इयत्ता पाडल्या, अभ्यासक्रम आखला, परीक्षा ठेवल्या, पदव्या दिल्या. स्वर आणि ताल कागदावर लिहायची स्वतःची पद्धत तयार केली. पुस्तकं लिहिली. लहान मुलांसाठी संगीत बालप्रकाश, मोठ्यांसाठी रागप्रवेशाचे एकामागून एक भाग. नजर अधू असलेल्या माणसानं दुसऱ्यांनी वाचावं म्हणून एवढी पुस्तकं करावीत, आणि ती छापायला विद्यालयाचा स्वतःचा छापखाना काढावा, ही जिद्दच म्हणायची.

आणखी एक युक्ती त्यांनी केली, तिला उपदेशक वर्ग म्हणत. गरीब घरातली, गळा असलेली मुलं निवडायची, त्यांच्या राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सोय फुकट करायची. बदल्यात मुलांनी कबूल करायचं, की इतकी वर्षं मधेच सोडून जाणार नाही आणि शिकून झाल्यावर दुसऱ्यांना शिकवू. एका दिव्यानं दुसरा दिवा लावायचा. या वर्गातून आणि विद्यालयातून बाहेर पडलेली नावं बघा. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे… यांतल्या प्रत्येकानं पुढे शेकडो जणांना शिकवलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. पंडितजींनी बायकांसाठी वर्ग काढले. त्या काळी घरंदाज बाईनं गाणं शिकायचं म्हणजे घराण्याला बट्टा. ओवी, पाळणा, मंगळागौर इथवर चालेल, पण तंबोरा मांडीवर घेऊन राग गायचा? छे! पंडितजींनी दोन गोष्टी केल्या. शिकण्याची जागा बदलली. कोठी नव्हे, दरबार नव्हे, शाळा. आणि शब्द बदलले. बंदिशींतले उघड शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. महिला संगीत नावाचं पुस्तकही त्यांनी काढलं. आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्या कोणी पेटीवर बोटं फिरवली असतील, त्यांच्यासाठी ती वाट या माणसानं मोकळी केली होती.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गाणं सभ्य करायचं, असं म्हणताना आधी जे होतं ते असभ्य ठरलं. ज्या कलावंतिणींनी, नायकिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी, दादरा, ख्याल गळ्यात जपला, त्यांच्यासाठी या नव्या शाळेत फारशी जागा नव्हती. घरंदाज बायका आत आल्या आणि त्या बायका आणखी बाहेर गेल्या. पंडितजींनी हे दुष्टपणानं केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळानं त्यांना जेवढं दिसू दिलं तेवढं त्यांनी पाहिलं. तरीही आज आपण आपल्या लेकीला निर्धास्तपणे गाण्याला पाठवतो, तेव्हा त्या बायकांचंही देणं आपल्यावर आहे, हे विसरू नये असं मला वाटतं.

१९०८ साली पंडितजी मुंबईला आले आणि इथेही विद्यालय सुरू केलं. ते वाढलं. सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची इमारत झाली. त्यासाठी मोठं कर्ज काढलं होतं. ते फेडायला पंडितजी गावोगाव मैफली करत, आणि मिळालेला पैसा विद्यालयात ओतत. शिकवणं, वसतिगृह, छापखाना, वाद्यांची दुरुस्ती, सगळ्याचा बोजा एका गळ्यावर. एवढा डोलारा एका माणसाच्या गाण्यावर किती दिवस उभा राहणार?

पुढे पुढे त्यांचं मन रामनामात रमू लागलं. अंगावर भगवी वस्त्रं आली. मैफलींतून पैसा उभा करायची उमेद ओसरली, आणि कर्ज थकलं. १९२०च्या दशकात विद्यालयाची ती इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी आयुष्याची कमाई घातली ती डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली. पंडितजी नाशिकला गेले. तिथे त्यांचा रामनाम आधाराश्रम होता. सोबत काही शिष्य, रामायण, भजन.

घरचं दुःख तर त्याहून मोठं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी बारा मुलांना जन्म दिला असं सांगतात. त्यांतला एकच मुलगा जगला, १९२१ साली जन्मलेला दिगंबर. चरित्रांतून शिष्यांची नावं ओळीनं येतात, मैफलींची गावं येतात, रमाबाई मात्र एखाद्या ओळीत येऊन जातात. एवढ्या मुलांना पोटात वाढवून, मातीत ठेवून, वर वसतिगृहातल्या शिष्यांचा राबता असलेला संसार त्या बाईनं कसा ओढला असेल? तंबोऱ्याच्या चार तारा सगळ्यांना दिसतात. खालचा भोपळा कोणाला दिसत नाही, पण नाद त्याच्यामुळेच घुमतो.

पंडितजींचं गाणं शाळेपुरतं राहिलं नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकीनाडाच्या अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. त्यांनी धार्मिक कारणावरून गायनाला हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहीत. हे राष्ट्राचं व्यासपीठ आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी गीत पूर्ण केलं. गांधीजींच्या आश्रमात संगीत शिकवायला त्यांनी आपला शिष्य दिला, नारायण मोरेश्वर खरे. आश्रमाची भजनावली त्यांनीच सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. रघुपती राघव राजाराम ही धून आपण सगळे ज्या चालीवर म्हणतो ती पंडितजींनी बांधली, असं मानलं जातं. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी गाण्याचा क्लास पाहिला नाही, तेही नकळत त्यांचे विद्यार्थी!

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला पंडितजी गेले. एकोणसाठ वर्षं पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. ज्या गावात डोळ्यांच्या उपचारासाठी आले, जिथे गाणं मिळालं, तिथेच शेवट झाला. हाती इमारत नव्हती, शिल्लक नव्हती. मुलगा दहा वर्षांचा. हाच मुलगा पुढे द. वि. पलुस्कर म्हणून नावारूपाला आला. १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही ऐकली जाते. तेही १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले.

मग सगळं बुडालं का? नाही. खरी गंमत इथेच आहे. पंडितजी गेले त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय सुरू केलं. देवधरांनी त्याआधीच १९२५ साली मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली होती. ओंकारनाथजींनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचा विभाग उभा केला. इमारत लिलावात गेली, पण वेळापत्रक, पुस्तक आणि परीक्षा यांचा लिलाव करता येत नाही. आज प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत मंडळाच्या परीक्षा देशभर हजारो मुलं देतात. आमच्या दिघ्याची मुलंही त्यांतलीच.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी मुलांना वाशीला घेऊन गेले होते. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हापासून आमची ऐरोलीपर्यंतची रिक्षा वाचली आहे. गाडीत बसलं की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी. वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळाची मोठी वास्तू आहे. मुलं ती पाहून बावरली. एकानं मला हळूच विचारलं, की आपल्याला आत जाऊ देतील ना? मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ पुरता कळला नव्हता. आता कळतो. बाळकृष्णबुवांना पंगतीत पाट नव्हता. त्यांच्या शिष्यानं एक दार उघडलं. पण पाड्यावरच्या मुलाला अजूनही त्या दाराशी थबकून विचारावंसं वाटतं.

हल्ली दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचेही मिळतात. त्यामुळे काही आया आमच्याकडे सरळ विचारतात, ताई, याचे किती मार्क मिळतील? पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता येत नाही. पंडितजींनीच तर परीक्षा आणि प्रमाणपत्र आणलं, गाणाऱ्याच्या हातात दाखवायला काहीतरी असावं म्हणून. पण त्यांनी प्रमाणपत्र आणलं ते गाण्याला मान मिळावा म्हणून. आपण गाणं शिकतो ते प्रमाणपत्र मिळावं म्हणून, असं उलटं होऊ नये एवढंच. एका तासाचे पाच मार्क, असा भाव लावला की मार्क मिळताच पेटी कपाटावर जाते. मला ठाऊक आहे, कारण माझी स्वतःची पेटी तशीच गेली. शाळेत असताना मी प्रवेशिकेची पहिली परीक्षा दिली होती. प्रमाणपत्र मिळालं, पुढे लग्न झालं. कोणी गाऊ नको म्हटलं नव्हतं हो. सासरी कोणाची आडकाठी नव्हती. मीच म्हटलं, आता कुठे वेळ? ते प्रमाणपत्र अजून लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली आहे.

तर, वर्गाचं काय झालं ते सांगते. पुढच्या सोमवारी मी पुन्हा शाळेत गेले आणि आधीचा माझा होकार परत घेतला. सोपं नव्हतं. दहावीच्या मुलांचं नुकसान करून गाणं हवं का, असं मला विचारलं गेलं, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, हॉल तुम्ही घ्या, आम्हाला खालचा व्हरांडा द्या, पण शनिवारची वेळ मोडू नका. आमच्या वर्गातल्या दोन मुली दहावीच्याच आहेत, त्यांना तुमच्या तासाला पाठवू आणि तास सुटल्यावर अर्धा तास आमच्याकडे बसवू. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दिवाळीपर्यंत करून बघू, यावर मिटलं. दिवाळीनंतर काय होईल, मला ठाऊक नाही.

पहिल्या शनिवारी व्हरांड्यात नऊच मुलं आली. बाकीच्यांना वर्ग बंद झाल्याचं कोणी तरी सांगितलं होतं. जोराचा पाऊस, वरून दहावीच्या तासाचा आवाज, शेजारून रस्त्यावरच्या ट्रकची घरघर. गाण्याच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आज राहू द्यायचं का, अशा अर्थानं. मी मान हलवली. त्यांनी पेटी उघडली, षड्ज धरला.

फोटो हॉलमधून काढून आणला होता. खिळा नव्हता, म्हणून खांबाला टेकवून ठेवला. ती चौथीतली चिमुरडी त्याच्यासमोरच बसली होती. गाणं संपल्यावर तिनं पुन्हा विचारलं, की या आजोबांनी काय केलं? या वेळी मला उत्तर येत होतं. मी सांगितलं, वर्गात कोणी नसलं तरी हे वेळेवर येऊन गायचे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग पुढच्या शनिवारी मी पण वेळेवर येईन.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन-तीन संध्याकाळी मी राहिलेल्या मुलांची घरं फिरले. पुढच्या शनिवारी बावीस जण आले.